दिलिया चार्रिसचा सोमवारचा प्रश्न

बार्रानकियाच्या रेबोलो वस्तीत दिलिया चार्रिस येतेय हे तिच्या आधी तिच्या आवाजानं कळायचं. एका हातात लाल प्लॅस्टिकची पेटी, काखेत बुटकं लाकडी स्टूल आणि तोंडाचा पट्टा चालू. शनिवारी सकाळी सातला ती पहिल्या घरी टेकायची. चौथ्या घरातून उठेपर्यंत गल्लीतली एकूण एक खबर इकडची तिकडे पोचलेली असायची. गिऱ्हाइकाचे पाय कोमट पाण्यात, हात दिलियाच्या मांडीवरच्या टॉवेलवर, आणि नखाच्या मुळाशी असलेली कातडी ती बोलता बोलता अशी काढायची की बाईला पत्ताही लागायचा नाही. सगळ्यात शेवटी करंगळीशेजारच्या बोटावर एक फूल, पाच पाकळ्यांचं. फूल नसलं तर त्याला नखं रंगवणं म्हणतात हे रेबोलोत कुणी मान्य करत नाही.

तिची स्वतःची नखं मात्र बघवायची नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बावीस वर्षं रंग काढायच्या रिमूव्हरमध्ये बोटं बुडवून नखं पांढुरकी पडली होती, टोकांना फुटली होती, पेरांवर चिरा होत्या. कुणी फोटो काढायला लागलं की दिलिया हात मागे घ्यायची.

शनिवारचं तिचं शेवटचं गिऱ्हाईक म्हणजे सेन्यो ओफेलिया. आमच्याकडे शाळेतल्या बाईंना सेन्यो म्हणतात, आणि या सेन्योंनी चाळीस वर्षांत रेबोलोतल्या अर्ध्या लोकांना लिहायला शिकवलं होतं. त्यांच्या वर्गात खोडरबराला बंदी होती. चुकलं तर त्यावर एक सरळ रेघ मारायची आणि खाली पुन्हा लिहायचं. चूक झाली तर झाली, पण ती केलीच नाही असा आव आणायचा नाही, असं त्यांचं म्हणणं.

२००९ साली एका शनिवारी सेन्यो वैतागून म्हणाल्या, "दिलिया, तू नखं रंगवतेस का रेडिओ चालवतेस?"

"रेडिओवर जाहिराती तरी असतात, सेन्यो. माझं सगळं फुकट."

"मग लिही की. आता इंटरनेटवर लोक काहीबाही लिहितात. माझा भाचा तुला जागा करून देईल."

"मी लिहू? तुम्हीच मला चौथीत दोनदा बसवलंत."

"म्हणूनच सांगते. दोनदा चौथी केलेल्याचा पाया पक्का असतो."

सोमवारी दिलियाला सुट्टी असायची. त्या सोमवारी ती एउलिसेसच्या इंटरनेट कॅफेत, पंख्याखालच्या चार नंबरच्या मशीनवर जाऊन बसली आणि दोन बोटांनी ब्लॉग सुरू केला. नाव ठेवलं 'नखांना जीभ'. पहिला लेख होता नखाला रंग देताना तीन हात का मारायचे, आणि मधे कोपऱ्यावरच्या खाटकाच्या लग्नाची भानगड. दोन्ही विषय तिच्या डोक्यात एकत्रच यायचे, त्याला ती काय करणार?

पहिले पाच महिने वाचक चारच होते. सिएनागाची रोसाल्बा, मागांगेची कार्मेन्सा, 'डॉक्टरांची विधवा' आणि 'एक जिज्ञासू'. दिलिया प्रत्येकीला उत्तर लिहायची, घरचं विचारायची, विधवेला धीर द्यायची. एका सोमवारी कार्मेन्सानं लिहिलं, की निळ्या रंगावर पांढरं फूल म्हणजे पोलीस चौकीची पाटी वाटते. दिलियाचे हात मशीनवर थांबले. हेच वाक्य दोन दिवसांपूर्वी टॉवेलवर हात ठेवून सेन्यो बोलल्या होत्या. मग तिनं मागच्या सगळ्या कमेंट वाचून काढल्या. चौघींचे स्वल्पविराम एकाच शाळेतले होते.

तिला हसू आलं आणि रडूही आलं. सत्तरीच्या पुढची बाई, गुडघे धरलेले, आणि चार चार नावं घेऊन आपल्यासाठी वाचक होते! पुढच्या सोमवारी तिनं डॉक्टरांच्या विधवेला आवर्जून विचारलं, "बाई, गुडघे कसे आहेत?"

पाचवी वाचक आली ती शिव्या घेऊनच. तिनं लिहिलं होतं: "बाजारातल्या बायांनो, आधी हात धुवा, मग रंग लावा. किळस येते तुमच्या बोटांची."

एउलिसेसनं मान लांबवून वाचलं. "उडव ते. एक बटण दाबायचंय."

"खोडरबराला बंदी आहे."

"कुणाची?"

"तुला नाही कळायचं. तू दुसऱ्या शाळेत होतास."

आणि तिनं खाली लिहिलं: "बाई, हात धुतलेत. मासळीचा वास साबणानं जात नाही, लिंबानंही जात नाही, शुक्रवारी पगार झाला की थोडा जातो. आता तुझा हात दाखव. फोटो पाठव, आणि आज त्या हातानं काय केलंस ते लिही."

तीन दिवसांनी फोटो आला. नखं रक्त येईपर्यंत चावलेली. खाली लिहिलं होतं: "आज या हातानं बँकेत नव्वद कागदांवर शिक्के मारले आणि उरलेल्या वेळात नखं खाल्ली. पिएदाद, मेदेयिन." दिलियानं तिला नखांना कडू तेल लावायचा उपाय सांगितला. त्याखाली सिएनागाच्या रोसाल्बाची कमेंट आली: "शाबास, दिलिया. खोडलं नाहीस, खाली लिहिलंस."

तिथून दर सोमवारी दिलियानं तोच प्रश्न लावला: आज या हातानं काय केलं? नियम दोनच. चेहरा नको, हात हवा. आणि हात आहे तसा हवा.

मग हात यायला लागले. एकीनं चाळीस मासे साफ केले होते. एकीनं अंथरुणाला खिळलेल्या बापाला न्हाऊ घातलं होतं. एकीनं दिराच्या थोबाडीत ठेवून दिली होती आणि तिचं लाल नख तुटलं होतं. ते कसं सांधायचं हे तिला माराकाइबोच्या नर्सनं सांगितलं, शिवाय पुढच्या वेळी डाव्या हातानं मार असा सल्लाही दिला. लिमाची शिवणकाम करणारी, आसुन्सिओनची कसाव्याची शेतकरीण, सांता मार्तात हॉटेलच्या चादरी बदलणारी, सगळ्या एकमेकींना हातांवरून ओळखायला लागल्या. दिलिया नवा लेख लिहायच्या आधी जुन्या सगळ्या कमेंटना उत्तर द्यायची. ज्या बाईला एकदा उत्तर मिळालं ती परत येतेच, एवढं शास्त्र तिला बावीस वर्षं दारोदार फिरून कळलं होतं. कधीकधी लेख व्हायचाच नाही, नुसती उत्तरंच व्हायची. कुणाची तक्रार नव्हती. तक्रार एकच असायची: "दिलिया, तुझा हात कधी दाखवणार?" त्यावर ती विषय बदलायची.

२०११ च्या नोव्हेंबरात सेन्यो ओफेलिया गेल्या. शेवटची नखं दिलियानंच केली. भाचा म्हणाला साधा रंग लाव, पण तिनं फूल काढलं, पाचही पाकळ्या, निळ्यावर पांढरं. पोलीस चौकी तर पोलीस चौकी. त्या सोमवारी ब्लॉगवर तिनं एकच ओळ लिहिली: "आज या हातानं माझ्या सेन्योंची नखं केली." दोनशे बायकांनी खाली काही ना काही लिहिलं. रोसाल्बा, कार्मेन्सा, विधवा आणि जिज्ञासू मात्र त्या दिवसापासून पुन्हा आल्या नाहीत. त्या कुठं गेल्या, असं एकाही बाईनं विचारलं नाही.

आता पुढच्या फेब्रुवारीतल्या कार्निव्हलची गोष्ट. शनिवारची मोठी मिरवणूक दुपारी असते, म्हणून सकाळी रेबोलोतल्या सगळ्या बाया एकदम नखं करून घ्यायला बसतात आणि दिलियाला श्वास घ्यायला फुरसत नसते. त्या शनिवारी तिच्या पुढ्यात नूरिस होती. नूरिस कोपऱ्यावर अरेपा, म्हणजे अंडं भरलेल्या मक्याच्या जाड भाकऱ्या, तळायची. तिच्या डाव्या हातावर अंगठ्यापासून मनगटापर्यंत उकळत्या तेलानं भाजल्याचा डाग होता. गडद निळा रंग लावून झाला, फुलाच्या दोन पाकळ्या झाल्या, आणि गल्लीच्या तोंडाशी ढोल वाजला. नूरिसच्या मुलाचं नाचाचं पथक येत होतं.

"बस खाली! ओलं आहे अजून!"

"पोराला बघून आलेच!"

"मेल्या दोन पाकळ्या घेऊन कुठं चाललीस?"

नूरिस गेलीसुद्धा. कार्निव्हलच्या दिवशी ओल्या नखांनी रस्त्यावर जाणं हा मूर्खपणा फक्त आमच्याच बायांनी करावा. उंबरा ओलांडते न ओलांडते तोच शेजारच्या कार्ट्यांनी मायसेनाची, म्हणजे मक्याच्या त्या पांढऱ्याशुभ्र पिठाची, ओंजळच्या ओंजळ तिच्या अंगावर फेकली. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, आणि दहाही नखांवर पिठाचा थर.

परत आली ती बोंबलतच. "बघ, बघ माझं काय झालं! सगळं पुसून परत कर आता!"

दिलिया पोट धरून हसली. मग तिनं ब्रशनं पीठ झटकलं आणि तिचं हसू थांबलं. रंगाची चकाकी पार गेली होती. निळा रंग मखमलीसारखा मऊ, गाढ दिसत होता. असलं काही तिनं बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"हलू नकोस," ती म्हणाली आणि तिनं फोटो काढला. भाजल्याचा डाग, मखमली नखं आणि दोन पाकळ्यांचं अर्धवट फूल.

कार्निव्हल संपून कॅफे उघडला त्या दिवशी तिनं सगळी हकीकत लिहून टाकली, नूरिसच्या बोंबांसकट. तीनशे बारा कमेंट आल्या. लिमाच्या बाईनं बटाट्याच्या सत्त्वानं करून बघितलं, आसुन्सिओनच्या बाईनं कसाव्याच्या. पिएदादनं लिहिलं, "माझी नखं आता रंग लावण्याएवढी वाढली आहेत. आज या हातानं स्वयंपाकघरभर पीठ सांडलं."

जूनमध्ये पिएदादचाच निरोप आला. दातांच्या दवाखान्यात बसल्या बसल्या तिनं बोगोताचं एक चकचकीत मासिक उघडलं होतं. त्यात 'कासा वाल्दोन' नावाच्या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीचा दोन पानी जाहिरातवजा लेख होता. कंपनीच्या सल्लागार हिमेना विल्यावेसेस यांनी पॅरिसहून आणलेलं मखमली नखांचं गुपित. सोबत मोठा फोटो. "दिलिया," पिएदादनं लिहिलं होतं, "हा नूरिसचा हात आहे. त्यांनी तिचा डाग पुसून टाकलाय."

डाग पुसला होता, पण दोन पाकळ्या ठेवल्या होत्या. उलट त्यावर वेगळा परिच्छेदच होता: पॅरिसमध्ये सध्या फूल पूर्ण काढत नाहीत, दोनच पाकळ्यांत सगळं सुचवतात.

दिलियानं आधी सभ्यपणानं पत्र लिहिलं. फोटो माझा, हात माझ्या मैत्रिणीचा, तेवढं पुढच्या अंकात छापा, बस. दोन आठवड्यांनी फोन आला. ती नेमकी नूरिसच्या घरी होती, बोटांना रंग लागलेला, म्हणून फोन स्टुलावर ठेवून मोठ्या आवाजात लावला.

"सेन्योरा चार्रिस? मी कासा वाल्दोनचा वकील बोलतोय. आपल्या ब्लॉगवर आमच्या मालकीचा फोटो आहे."

"तुमच्या मालकीचा? त्या हाताची मालकीण इथं माझ्यासमोर बसलीय. देऊ तिला?"

"सेन्योरा, आपण वाद नको घालू या. तो लेख, खालच्या कमेंटसह, आपण काढून टाकावा. कंपनी आपल्याला चोवीस रंगांची पेटी भेट पाठवेल. नाहीतर आम्हाला तक्रार करावी लागेल, आणि मग एक लेख नाही, दहा दिवसांत सगळा ब्लॉग बंद होईल. आपल्याकडे वकील आहे का?"

"माझ्याकडे स्टूल आहे," दिलिया म्हणाली. रंग लागलेल्या बोटानंच तिनं फोन बंद केला.

"चोराच्या उलट्या बोंबा!" नूरिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "पेटी पाठवतोय बोगोताचा शिष्ट काचाको मेला! माझा हात भाजला तेव्हा कुठं होता?"

आता खरं सांगायचं तर दिलिया घाबरली होती. पुढच्या सोमवारी चार नंबरच्या मशीनवर बसून तिनं तो लेख उघडला आणि काढून टाकण्याच्या बटणापर्यंत गेली. एकशे बेचाळीस लेखांतला एक. तो एक दिला तर बाकीचे वाचत होते, आणि त्या बाकीच्यांत सेन्यो होत्या. चार नावांनी लिहिलेल्या, स्वल्पविरामांसकट. त्यांचा आवाज जगात आणखी कुठंच उरलेला नव्हता. एका फोटोसाठी तो घालवायचा? शेवटी सेन्योंना भेटायला म्हणून तिनं जुनी पानं उघडली आणि रोसाल्बाच्या त्या ओळीपाशी येऊन अडली. शाबास, दिलिया. खोडलं नाहीस, खाली लिहिलंस.

"सेन्यो, तुम्ही ना," ती मोठ्यानं म्हणाली, "मेल्यावरही तिसऱ्यांदा चौथीत बसवाल मला."

एउलिसेसनं चमकून पाहिलं. दिलियानं बाही सरसावली आणि लिहायला घेतलं. फोन, वकील, पेटी, दहा दिवस, सगळं जसंच्या तसं लिहिलं. आणि खाली: "हा लेख मी काढणार नाही. ब्लॉग बंद झाला तर होऊ दे. या सोमवारी प्रश्न नाही, काम आहे. शाळेची वही घ्या. एकेकीनं एकेक लेख घ्या, खालच्या सगळ्या कमेंटसह हातानं उतरवून ठेवा. त्यांना काय बंद करायचंय ते करू दे. तुमच्या वह्या बंद करायला त्यांना घरोघर फिरावं लागेल, आणि तेवढं चालायची त्यांना सवय नाही."

पिएदाद बँकेतली बाई, तिनं लगेच यादी केली. कुणी कुठला लेख घेतला, कुणाचा संपला. नूरिसनं आपल्याच हाताचा लेख मागून घेतला. तळणाजवळ बसून लिहिला, पानांवर तेलाचे डाग. माराकाइबोच्या नर्सनं रात्रपाळी करून सहा लेख उतरवले. वकिलाच्या फोनपासून आठव्या दिवशी यादीत एकही रिकामी ओळ नव्हती.

आणि नवव्या दिवशी ती हिमेना विल्यावेसेस स्वतः बार्रानकियात आली. उत्तरेकडच्या श्रीमंत वस्तीतल्या मॉलमध्ये प्रात्यक्षिक होतं, प्रवेश फुकट; ब्लॉगवर ही बातमी आधीच फिरली होती. फुकट म्हटल्यावर आमची माणसं जायचीच. दिलिया पोचली तेव्हा खुर्च्या भरत आल्या होत्या. ब्लॉगवरच्या बायांत तिला कुणी चेहऱ्यानं ओळखत नव्हतं आणि तीही कुणाला ओळखत नव्हती. तिनं बायकांचे मांडीवर ठेवलेले हात पाहिले. साबणानं सोललेली बोटं: सांता मार्ताची चादरीवाली. लाल नखांत एक सांधलेलं: दिराला थोबाडणारी. आणि दुसऱ्या रांगेत गडद निळी, नीट वाढलेली, मखमली नखं.

"पिएदाद?"

"चौदा तास बसमध्ये होते," ती बारीक बाई म्हणाली. "एकदाही तोंडात बोट घातलं नाही."

हिमेना पांढऱ्या कपड्यात, केस घट्ट बांधलेले, काचेच्या इवल्याशा बरणीत पॅरिसची भुकटी घेऊन उभी राहिली. "आता मला एक हात हवाय," ती गोड आवाजात म्हणाली, आणि कुणी उठायच्या आत नूरिस जाऊन समोर बसली. डावा हात टेबलावर.

हिमेनानं डाग पाहिला. "ताई, राग मानू नका, पण कॅमेऱ्यासाठी जरा... दुसरा कुणाचा तरी चालेल."

"का? महिनाभर छापलात की," नूरिस म्हणाली. मासिक उघडून तिनं आपल्या हाताशेजारी ठेवलं. "हाताच्या काकणाला आरसा कशाला? हीच ती बोटं. तेवढा डाग परत द्या माझा. फार महागाचा आहे."

खुर्च्यांत कुजबुज झाली. हिमेनाचा चेहरा जराही हलला नाही; त्या मुलीची कमाल होती, हे म्हणावंच लागेल. "काहीतरी गैरसमज होतोय. ही शैली पॅरिसची आहे. दोन पाकळ्या हीच तर तिची ओळख."

मागून दिलियाचा आवाज आला. रेबोलोत तीन गल्ल्यांपर्यंत पोचणारा आवाज तो, मॉल काय चीज आहे.

"दोनच का, सेन्योरिता?"

"माफ करा?"

"पाकळ्या. दोनच का? मी सांगते. मी काढल्यात त्या. तिसरी काढायला घेतली आणि हिच्या पोराचं पथक आलं, तर ही बया ओल्या नखांनी उठून पळाली. तुमच्या पॅरिसमध्येही ढोल वाजला होता का?"

आधी पिएदाद हसली. मग चादरीवाली. मग ज्यांना काही माहीत नव्हतं त्या श्रीमंत घरच्या बायकाही हसायला लागल्या, कारण ओल्या नखांनी कार्निव्हलला पळालेली बाई प्रत्येक घरात एक असतेच. दारावरचा रखवालदार पुढं आला आणि म्हणाला, "बाई, जरा हळू," पण तोही हसत होता. नूरिसनं पिशवीतून मायसेनाचा पिवळा डबा काढून टेबलावर ठेवला.

"घ्या," ती म्हणाली. "पॅरिसपेक्षा जवळ मिळतं."

हिमेना बरणी उचलून मागच्या दारानं निघून गेली. माफी नाही, खुलासा नाही. आमच्या बायांनी तिथंच स्टूल मांडलं आणि दिलियानं त्या रिकाम्या टेबलावर अकरा जणींची नखं केली, पाच पाच पाकळ्यांची. रखवालदारानं शेवटी जायला सांगितलं तेव्हा त्याच्या बायकोसाठी नूरिसनं एक अरेपा बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी ब्लॉग बंद झाला. ठरल्याप्रमाणे, दहाव्या दिवशी. पांढरं पान आणि दोन ओळींची सूचना. दिलियाला ठाऊक होतं, तरी तिनं ते पांढरं पान तीनदा पुन्हा उघडून पाहिलं. कासा वाल्दोननं पुढं त्या फोटोचं नाव घेतलं नाही, मासिकानंही नाही. चोरीचा माल गुपचूप बाजूला सारला, एवढंच. हे जिंकणं म्हणायचं की हरणं, यावर गल्लीत अजून वाद होतात.

पण पुढच्या सोमवारी एउलिसेसनं चार नंबरची मशीन तिच्यासाठी आधीच चालू करून ठेवली होती. दिलियानं नवी जागा घेतली. नाव तेच. आणि वह्या उघडल्या. लिमाहून, आसुन्सिओनहून, माराकाइबोहून, जिची तिची वही, जिचा तिचा लेख, टाइप होऊन यायला लागला. ज्यांना टाइप येत नव्हतं त्यांनी पानांचे फोटो पाठवले, कडेला धरलेल्या बोटांसकट. तीन आठवड्यांत एकशे बेचाळीस लेख उभे राहिले. नूरिसच्या लेखाखाली तीनशे बाराच्या तीनशे बारा कमेंट होत्या.

पहिल्या पाच महिन्यांचे लेख पिएदादनं स्वतःकडे ठेवले होते. ते सगळ्यात शेवटी आले. रोसाल्बा, कार्मेन्सा, डॉक्टरांची विधवा, एक जिज्ञासू. एकही स्वल्पविराम हललेला नव्हता. खाली पिएदादनं लिहिलं होतं: "या चौघी एकच होत्या हे आम्हाला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. तू इतक्या मायेनं चौघींना वेगवेगळं उत्तर द्यायचीस, म्हणून बोललो नाही."

दिलिया एउलिसेसच्या कॅफेत हुंदके देऊन रडली. भर दुपारी, सगळ्यांदेखत. लाज तिला तेव्हाही वाटली नाही आणि आजही वाटत नाही.

संध्याकाळी ती नूरिसकडे गेली आणि स्वतःचं स्टूल नूरिसच्या पुढ्यात ठेवलं. "आज तू लाव."

"मी? अगं, मला अरेपा तळता येतात फक्त."

"लाव म्हटलं ना."

नूरिसनं त्या फुटक्या, पांढुरक्या नखांवर निळा रंग थापला, अर्धा नखावर, अर्धा कातडीवर. मग जीभ बाहेर काढून, श्वास रोखून, करंगळीशेजारच्या बोटावर एक पाकळी काढली. दुसरी काढली. आणि ब्रश बाटलीत ठेवला.

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्या कशाला? पॅरिसची पद्धत आहे."

दिलियानं हात झटकला नाही, मागेही घेतला नाही. चिरा दिसत होत्या, रिमूव्हरनं खाल्लेली कड दिसत होती. तिनं उजव्या हातानं फोन धरला आणि डाव्या हाताचा फोटो काढला, आहे तसा. पुढच्या सोमवारी नव्या ब्लॉगवर नवा लेख म्हणून तेवढा एक फोटोच होता. वर नेहमीचा प्रश्न: आज या हातानं काय केलं?

खाली तिनंच उत्तर लिहिलं होतं. "खोडलं नाही."